अविवाहित तरुणींचे लैंगिक आणि प्रजनन आरोग्य : त्यामागचे सामाजिक घटक

आपल्याकडे मुलीचे लग्न ठरले की तिच्या शरीराचा विचार सुरू होतो. त्याआधी ती आजारी पडली तर ताप, सर्दी, पोटदुखी एवढ्यापुरतीच आजारी असते. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, जांघेतली खाज, गर्भ राहिल्याची भीती, ओळखीच्या माणसाने केलेली जबरदस्ती हे प्रश्न लग्नाआधीही असू शकतात, हे घर मान्य करत नाही, शाळा मान्य करत नाही आणि बऱ्याचदा दवाखानाही मान्य करत नाही. मग मुलगी त्रास अंगावर काढते. उशीर होतो, आणि साधा उपचार पुरला असता तिथे शस्त्रक्रिया, कर्ज किंवा जिवाचा धोका उभा राहतो.

वस्त्यांमध्ये आणि वसतिगृहांमधल्या मुलींसोबत काम करताना आम्हाला हे सतत दिसते की, या मुलींच्या आरोग्याचा निर्णय त्यांच्या शरीरापेक्षा त्यांच्या भोवतीचा समाज जास्त करतो. तिला माहिती कोण देते, तिच्या हातात पैसा आहे का, दवाखान्यात एकटी जाण्याची मुभा आहे का, आणि तिने तोंड उघडले तर तिला शिक्षा होईल की मदत मिळेल, यावर सगळे ठरते. या लेखात हे सामाजिक घटक, त्यांचे जातीशी असलेले नाते, सध्याचा कायदा आणि आपल्या तरुण कार्यकर्त्यांना करता येण्याजोगी कामे एकत्र मांडली आहेत.

संकल्पना थोडक्यात

१९९४ साली कैरो येथे झालेल्या लोकसंख्या आणि विकास विषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रजनन आरोग्याची व्याख्या व्यापक केली. आजार नसणे एवढेच आरोग्य नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्टीने निकोप असणे, मूल हवे की नको आणि केव्हा हवे हे स्वतः ठरवता येणे, आणि त्यासाठी लागणारी माहिती व सेवा मिळणे हा त्याचा भाग आहे. तोपर्यंत अनेक देशांची धोरणे 'लोकसंख्या कमी करा' या एकाच मुद्द्याभोवती फिरत होती. कैरोनंतर निदान कागदावर तरी स्त्रीच्या हक्कांना जागा मिळाली.

'आरोग्याचे सामाजिक निर्धारक' ही दुसरी संकल्पना. माणूस कुठे जन्मतो, कसा वाढतो, कुठे राहतो, काय काम करतो, यावर त्याचे आरोग्य अवलंबून असते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या अहवालात मांडले. जात, वर्ग आणि लिंग यांची उतरंड असलेल्या आपल्या समाजाला हे सांगायला खरे तर अहवालाची गरज नव्हती.

आपल्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही

'हे विषय पाश्चात्त्यांचे आहेत, चळवळीचे नाहीत,' असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. त्यांनी आपलाच इतिहास पुन्हा पाहावा.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. लग्नाच्या चौकटीबाहेर गर्भ राहिलेल्या विधवांना तिथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता येत असे. 'हे कसे झाले' असा जाब तिथे विचारला जात नव्हता. आज ज्याला आपण गोपनीय आणि सन्मानपूर्वक सेवा म्हणतो, ती या दांपत्याने दीडशे वर्षांपूर्वी स्वतःच्या घरातून दिली. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले आणि डॉक्टर केले.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. प्रस्ताव फेटाळला गेला, पण वारंवारच्या बाळंतपणात स्त्रीचे शरीर झिजते आणि याचा निर्णय तिच्या हाती हवा, हा विचार सभागृहाच्या नोंदीत कायमचा राहिला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लग्नाची घाई न करण्याचा आणि मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला. परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या.

म्हणजे मुलीने स्वतःच्या शरीराबद्दल जाणून घेणे आणि निर्णय करणे, ही आंबेडकरी विचाराला उसनी आणलेली गोष्ट नाही.

पहिला घटक : लग्न हीच सेवेची अट

गावपातळीवर आरोग्यसेविका आणि आशा ताई ज्या नोंदी ठेवतात, त्यात 'जननक्षम जोडपे' हा महत्त्वाचा शब्द आहे. १५ ते ४९ वयाची विवाहित स्त्री आणि तिचा नवरा असे एकक धरून निरोध, गोळ्या, तांबी, शस्त्रक्रिया यांचा हिशेब होतो. नोंद जोडप्याची असते. त्यामुळे २४ वर्षांची, नोकरी करणारी, अविवाहित मुलगी या हिशेबात कुठेच बसत नाही. तिला निरोध किंवा गोळ्या देऊ नयेत असा कोणताही कायदा नाही. पण ज्या नोंदवहीवरून काम चालते तिच्यात तिचे नावच नसेल, तर तिच्या दारात कोणी जाणार नाही.

दवाखान्यातही तेच. केसपेपर काढताना 'कुमारी की सौभाग्यवती?' हा प्रश्न रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला जातो. अनियमित पाळीची तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला 'लग्न झाले की बरे होईल' हे उत्तर आजही मिळते. खरे तर पाळी अनियमित असण्यामागे रक्तक्षय, थायरॉईडचा बिघाड, पीसीओएस, अपुरा आहार, ताण अशी अनेक कारणे असू शकतात आणि त्यातल्या एकावरही लग्न हा इलाज नाही.

लग्नाची ही अट मुलीला दोन्ही बाजूंनी मारते. लग्न झाले नसेल तर सेवा नाही. आणि लग्न लवकर झाले तर कोवळ्या वयात बाळंतपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. म्हणजे दर पाचांत एकीहून अधिक.

दुसरा घटक : जात, इज्जत आणि पहारा

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातीचा गाभा स्वजातीतल्या विवाहात आहे. जात टिकवायची तर लग्ने जातीतच झाली पाहिजेत, आणि त्यासाठी स्त्रीवर ताबा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्यांनी याच ताब्याची साधने म्हणून समजावून सांगितल्या.

हा निबंध आपण जातिअंताच्या चर्चेत वाचतो, पण आरोग्याच्या चर्चेत वाचत नाही. मुलीच्या हातातला मोबाईल तपासणे, कॉलेजला भावाने सोडायला जाणे, दवाखान्यात आईशिवाय जाऊ न देणे, 'कुणाशी बोललीस' म्हणून शिक्षण थांबवणे आणि घाईने स्थळ बघणे, हा सगळा पहारा त्याच ताब्याचे आजचे रूप आहे. त्याचे टोक आपण पाहिले आहे. जानेवारी २०१३ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांचे खून झाले आणि २०१८ मध्ये न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. जिथे प्रेमाची किंमत खुनाने वसूल होते, तिथे गर्भ राहिल्याच्या भीतीने ग्रासलेली मुलगी आईजवळही तोंड उघडत नाही, यात नवल नाही.

दलित आणि बौद्ध मुलींवर हा भार दुहेरी आहे. एकीकडे सवर्ण नजर तिला 'सहज उपलब्ध' समजते. दुसरीकडे, समाजाला बोल लागू नये म्हणून आपली माणसे तिच्यावर आणखी कडक पहारा बसवतात. तिच्यावर अत्याचार झाला तर 'मुलगी तिथे गेलीच कशाला' हा प्रश्न आपल्याच वस्तीतून येतो. लग्नाच्या बैठकीत आजही पोटजात विचारणारे लोक आपल्यात आहेत. पोटजातीचा आग्रह आणि मुलीवरचा पहारा या एकाच गाठीच्या दोन बाजू आहेत.

तिसरा घटक : माहितीचा दुष्काळ

२००७ साली महाराष्ट्रात शाळांमधील लैंगिकता शिक्षणाच्या कार्यक्रमाला मोठा राजकीय विरोध झाला आणि तो थांबवला गेला. संस्कृती बिघडेल असे कारण सांगितले गेले. त्यानंतर मोबाईल घरोघरी आला आणि शाळेने रिकामी ठेवलेली जागा अश्लील चित्रफितींनी भरली. विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देणारे शिक्षक जवळपास प्रत्येकाने अनुभवलेले असतात.

परिणामी पदवीच्या वर्गातल्या मुलींनाही प्राथमिक गोष्टी माहीत नसतात. त्यातल्या काही इथे नोंदवतो.

पांढरे जाणे हे नेहमी आजाराचे लक्षण नसते. पाळीच्या चक्रात थोडे पांढरे जाणे स्वाभाविक आहे. वास, खाज, जळजळ, रंगात बदल किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर तपासणी हवी.

एकदाच संबंध आला तरी गर्भ राहू शकतो.

तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यायची असते. ती २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. नेहमी वापरण्याचे साधन म्हणून ती योग्य नाही आणि आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही.

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. अनेक मुली संबंधाच्या दिवसापासून मोजतात आणि सुमारे दोन आठवडे चुकतात. कायद्याची मुदत जवळ असते तेव्हा ही चूक महागात पडते.

गर्भ आणि लैंगिक संसर्ग या दोन्हींपासून एकाच वेळी बचाव करणारे साधन निरोध हेच आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये प्रमाणाने दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्याला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवर लस आहे आणि ती ९ ते १४ या वयात, लैंगिक संबंध सुरू होण्याआधी, सर्वाधिक उपयोगी पडते. 'मुलीला आताच कशाला' म्हणून ती टाळली जाते. पण तिचा खरा उपयोग नेमका 'आताच' आहे.

चौथा घटक : पैसा, स्थलांतर आणि घरातली जागा

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे मुलीने पाळीचे कापड कुठे वाळवायचे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे. ओलसर, उन्हात न वाळलेल्या कापडाने संसर्ग होतो. सार्वजनिक शौचालयात पाणी नसते, दाराला कडी नसते, रात्री दिवा नसतो. म्हणून मुली पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. ताटात मुलीच्या वाट्याला शेवटचे आणि कमी येते. वर उल्लेख केलेल्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५७ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेल्या मुलीला पाळीतला जास्त रक्तस्राव, गर्भपात आणि बाळंतपण हे तिन्ही अधिक धोक्याचे ठरतात.

स्थलांतराचा परिणाम मराठवाड्यातल्या ऊसतोडणीत सर्वांत स्पष्ट दिसतो. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाला जाताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती असते, फडावर नेले तर तिथे आडोसा नसतो. त्यापेक्षा लग्न लावून दिले की जबाबदारी सुटते आणि नवा कोयता तयार होतो, असा हिशेब होतो. बालविवाहाला केवळ अज्ञान जबाबदार धरणाऱ्यांनी हा हिशेब समजून घ्यावा. पुढे याच स्त्रियांचे काय होते, तेही समोर आले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीत खाडा झाला तर पैसे कापले जातात, तपासणीला वेळ मिळत नाही, साध्या संसर्गावर 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. ही साखळी त्यांच्या तरुणपणी, लग्नाआधीच्या दुखण्यांकडे झालेल्या दुर्लक्षापासून सुरू होते.

शहरात शिकायला आलेल्या मुलींची अडचण वेगळी आहे. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात राहणारी मुलगी घरातून मोजके पैसे घेऊन येते. खासगी दवाखान्यातली तपासणी आणि सोनोग्राफी म्हणजे तिच्या मेसच्या पैशांत खड्डा. घरी मागावे तर कारण सांगावे लागते. त्यातून मैत्रिणीने सुचवलेल्या गोळ्या, यूट्यूबवरचे उपाय आणि भोंदू डॉक्टर हे पर्याय उरतात.

पाचवा घटक : दवाखान्याची पायरी

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र सल्ला केंद्रे आहेत; महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. योजना चांगली आहे. पण आपल्या तालुक्यातल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे, ते कोणत्या खोलीत आणि कोणत्या वारी चालते, समुपदेशकाची जागा भरलेली आहे का, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन विचारावेत. आणि २० ते २९ वयाच्या अविवाहित मुलींसाठी तर अशी वेगळी जागाही नाही. ती किशोरी राहिलेली नसते आणि जोडप्यातही नसते.

उपचार करणाऱ्याची वागणूक हा सर्वांत मोठा अडसर आहे. नाव मोठ्याने पुकारणे, नर्सने खोचक बोलणे, तपासणीआधी नैतिकतेचे प्रवचन, प्रौढ मुलीलाही 'आईवडिलांना घेऊन ये' म्हणून परत पाठवणे. एकदा परत पाठवलेली मुलगी पुन्हा सरकारी दवाखान्यात येत नाही. ती बाहेरून चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळवते किंवा अशिक्षित माणसाच्या हाती लागते. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत सुरक्षित आहेत. किती आठवडे झाले हे न तपासता घेतल्यास अपुरा गर्भपात आणि जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी 'काय घेतले' हे डॉक्टरांना खरे सांगितले तर जीव वाचतो, आणि खरे सांगण्याचे धैर्य दवाखान्याच्या वागणुकीवर अवलंबून असते.

गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आणि गर्भपाताचा कायदा यांची गल्लत हेही एक कारण आहे. लिंग तपासून मुलीचा गर्भ पाडणे हा गुन्हा आहे. पण त्याविरोधातल्या प्रचारात 'गर्भपात म्हणजे पाप' असा सूर लावला गेला आणि कायदेशीर गर्भपातालाही लोक गुन्हा समजू लागले. 'मुलगी वाचवा' म्हणणाऱ्या भिंतीसमोर उभी असलेली गर्भवती अविवाहित मुलगीही कुणाची तरी मुलगीच आहे आणि तिलाही वाचवायचे आहे.

सहावा घटक : ओळखीतला अत्याचार आणि मोबाईलची धमकी

मुलींवरचा लैंगिक अत्याचार बहुतेक वेळा अनोळखी माणूस करत नाही. नातेवाईक, शेजारी, शिक्षक, प्रियकर, कामावरचा मुकादम अशी ओळखीची माणसे असतात. म्हणून 'रात्री बाहेर पडू नको' हा सल्ला निरुपयोगी ठरतो. अलीकडे खासगी फोटो किंवा चित्रफीत पसरवण्याची धमकी देऊन मुलींना पुन्हा पुन्हा संबंधांना भाग पाडले जाते. घरी कळेल या एकाच भीतीवर हा सगळा धंदा चालतो. घरातली भीती कमी झाली तर धमकी देणाऱ्याच्या हातातले हत्यारच गळून पडते. सायबर गुन्ह्यासाठी १९३० हा क्रमांक आहे.

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्राथमिक उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी केली जाणारी 'दोन बोटांची चाचणी' अवैज्ञानिक आणि अपमानकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले. ती करणे गैरवर्तन ठरते.

कायदा काय सांगतो

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा आहे. त्यात गर्भनिरोधक साधन फसल्याचे कारण फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांना देता येत असे. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. या बदलाचे महत्त्व मोठे आहे, कारण कायद्याने लग्नाची अट काढून टाकली.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांमध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या मुदतीचा लाभ विवाहितांना द्यायचा आणि अविवाहितांना नाकारायचा, हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. त्यामुळे अविवाहित मुलीलाही २४ आठवड्यांपर्यंत ही तरतूद लागू होते. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते.

१८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची फक्त तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. आईवडिलांची सही, नवऱ्याची सही, जोडीदाराची हजेरी यातले काहीही कायद्याला लागत नाही. तिचे नाव आणि माहिती उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

१८ वर्षांखालील मुलीचा प्रश्न अधिक कठीण आहे. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ खालच्या मुलीशी लैंगिक संबंध, तिची इच्छा असली तरी, गुन्हा ठरतो आणि तो कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. हा कायदा अत्याचार करणाऱ्यांविरुद्ध अत्यंत आवश्यक आहे. पण १७ वर्षांची मुलगी आणि तिच्याच वयाचा तिचा मित्र यांच्या बाबतीत पोलिसांच्या भीतीने कुटुंबे दवाखान्यातच जात नाहीत. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने यावर एक वाट दिली आहे. मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. ही गोष्ट दवाखान्यातल्या लोकांनाही अनेकदा सांगावी लागते.

विहार, संघटना आणि आपण

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे होतात. रक्तगट, साखर, रक्तदाब, डोळे तपासले जातात. तरुणींसाठी स्त्री डॉक्टर, आडोशाची खोली आणि हिमोग्लोबिन तपासणी एवढी भर घातली तरी जयंतीच्या शिबिराचे स्वरूप बदलेल. ही व्यवस्था पडद्याआड आणि वैवाहिक स्थिती न विचारता व्हावी.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारांमध्ये रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. लोक रोज जमतात, विश्वासाची जागा असते. आठवड्यातली एक संध्याकाळ आरोग्यासाठी ठेवता येईल. मुलींची आणि मुलांची बैठक आधी वेगळी, मग एकत्र घ्यावी. तिसऱ्या शीलाचा अर्थ मुलींवर पहारा ठेवणे असा काढणाऱ्यांना त्या बैठकीत हेही सांगावे लागेल की, शील स्वतःच्या आचरणासाठी असते. दुसऱ्याचे शरीर तिच्या इच्छेविरुद्ध वापरू नये, फसवू नये, जबाबदारी टाळू नये, हा त्याचा पहिला धडा मुलांनी घ्यायचा आहे.

तरुण कार्यकर्त्यांसाठी काही ठोस कामे सुचवतो.

१. आपल्या तालुक्यातल्या मैत्री क्लिनिकचा पत्ता, वार आणि वेळ शोधून वस्तीतल्या फलकावर लावा. ते बंद असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

२. सरकारमान्य गर्भपात केंद्रांची यादी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून मिळवा आणि प्रत्येक महिला मंडळाकडे एक प्रत ठेवा.

३. वस्तीत दोन-तीन विश्वासू ताई ठरवा, ज्यांच्याकडे मुलगी जाऊ शकेल आणि ज्या तिच्यासोबत दवाखान्यात जातील. तिचे गुपित बाहेर फुटणार नाही, हीच त्यांची मुख्य पात्रता.

४. रुग्णालयात अपमान झाला तर तारीख, वेळ आणि विभाग लिहून तक्रार करा. तोंडी भांडण विसरले जाते, लेखी अर्जाला आवक क्रमांक मिळतो.

५. मदतीचे क्रमांक पाठ असू द्या. १८ खालच्या मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००, मानसिक आधारासाठी १४४१६. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी जिल्ह्यात 'सखी वन स्टॉप सेंटर' असते.

६. मुलग्यांनी हा विषय 'बायकांचा' म्हणून सोडू नये. गर्भ राहतो तेव्हा जबाबदारी दोघांची असते, पण बदनामी, खर्च आणि दुखणे एकटीच्या वाट्याला येते. मुलगा सोबत दवाखान्यात उभा राहिला तर यातले बरेच कमी होते.

पालकांसाठी एकच सांगणे आहे. मुलगी काही सांगायला आली तर पहिले वाक्य 'आता आम्ही काय तोंड दाखवायचे' हे नसावे. 'तुला काही त्रास होतोय का, आपण डॉक्टरकडे जाऊ' एवढे म्हणावे. बाकीचे बोलणे नंतर होऊ शकते. आठव्या आठवड्यात आईला सांगणारी मुलगी आणि बाविसाव्या आठवड्यात सापडणारी मुलगी यांच्यातला फरक बहुतेक वेळा त्या पहिल्या वाक्याच्या भीतीचा असतो.

कायद्याने लग्नाची अट २०२१ साली काढली. घरातून, नोंदवहीतून आणि दवाखान्याच्या खिडकीवरून ती काढण्याचे काम अजून बाकी आहे. जातीची मुळे स्त्रीवरच्या ताब्यात आहेत हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले. तो ताबा सोडण्याची सुरुवात आपापल्या घरातून आणि विहारातून झाली, तर मुलींचे आरोग्य सुधारेल आणि जातिअंताचे कामही पुढे सरकेल.

जय भीम.